एतेरीची भुवई

३ ऑक्टोबर, शुक्रवार

निघालो एकदाचे! तिबिलिसीहून दादाच्या गावापर्यंत गाडीनं अडीच तास. आम्ही आठवडा घेणार आहोत. एतेरीचीच कल्पना. "तीस वर्षं ट्रॉलीबस हाकलीस, सगळं शहर फिरवलंस, बायकोला कुठं नेलंस? आता रमतगमत जाऊ. दिसेल त्या घरी थांबू, वाइन चाखू." मी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच, की तीच चपापली.

मला का घाई, ते इथं लिहून ठेवतो. दुसरीकडे बोलायची सोय नाही. जानेवारीत आम्ही दोघं आठवडाभर एका पांघरुणात तापानं फणफणत होतो. ताप गेला तो माझं नाक घेऊन गेला. कसलाच वास येत नाही. जिभेला आंबट-गोड, खारट-कडू कळतं, बाकी सगळं पाणी. आणि मी कोण? जिन्यात उभा राहून तिसऱ्या मजल्यावरचं दूध नासणार आहे हे सांगणारा माणूस! नऊ महिने चकार शब्द काढलेला नाही. एतेरीला सांगितलं तर ती तेकलेला सांगणार, तेकले लाशाला, आणि लाशा त्याच्या बापाला.

तेकले आमची लेक. बारा तारखेला तिचं लाशाशी लग्न. ती जन्मली त्या साली मी दादाच्या अंगणात जमिनीत पुरलेला रांजण वाइननं भरला आणि तोंड मातीनं लिंपून टाकलं. मुलगा झाला की आमच्याकडे असा रांजण भरतात, त्याच्या लग्नात उघडतात. मुलीसाठी कोण भरतो! वडील ओरडले होते, "पोरीसाठी रांजण? गाव हसेल, गिवी." मी भरलाच. सत्तावीस वर्षं झाली. अकरा तारखेला तो उघडायचा. पहिला घोट बापाचा, आणि चांगली झाली की बिघडली, हे बापानंच सगळ्यांसमोर सांगायचं. वाटी दुसऱ्याच्या हातात दिली तर अपशकुन. समोर व्याही बेसारिओन उभा असणार. पाच पिढ्यांचा वाइनवाला. बिघडलेलीला चांगली म्हटलं तर माझी अब्रू गेलीच, पण तेकलेला त्या घरात जन्मभर ऐकून घ्यावं लागेल.

आता माझा सगळा भार एतेरीच्या डाव्या भुवईवर. वाइन चांगली असली की ती भुवई वर जाते. घोटसुद्धा लागत नाही, वासावरच जाते. तिला स्वतःला हे माहीत नाही. रांजण उघडताना ती शेजारीच असेल. आठवडाभर सराव करायचा, बस्स.

बादियाउरीला रस्त्याकडेच्या बाईकडून भट्टीतला लांब पाव घेतला. एतेरीनं तो नाकाशी धरला. डोळे मिटून, कितीतरी वेळ.

"कसा आहे?" मी विचारलं. हेवा वाटत होता.

"गरम आहे," म्हणाली.

४ ऑक्टोबर

सिघनाघी. डोंगरावरचं गाव, दगडी तटाच्या आत. गल्ल्या अशा चढाच्या, की एतेरी दर वीस पावलांना थांबून देखावा बघते. म्हणजे धाप लागते, पण कबूल करायचं नाही!

दोन घरी वाइन चाखली. दोन्हीकडे मी वाटी तोंडाला लावून हळूच तिच्याकडे बघितलं. दोन्हीकडे भुवई वर. मी म्हटलं, "वा! भाजलेल्या बेदाण्यासारखी!" घरमालक खूश. दुसऱ्यानं तर पाठीवर थाप मारली. जमतंय.

एक गंमत. मी तिच्याकडे बघतो तेव्हा ती आधीच माझ्याकडे बघत असते. टक लावून! ह्या वयात! मला लाजल्यासारखं झालं. बरंही वाटलं. बायकांना प्रवास मानवतो.

५ ऑक्टोबर

दुपारी उतरलो त्या घरच्या ओट्यावर पट-सोंगट्या मांडून नार्दी खेळत होतो. एतेरी जिंकत होती, म्हणजे फासे माझ्या डोळ्यांदेखत उलटे करून जिंकत होती. एवढ्यात घरमालकीण किंचाळत आली, "अहो, घर पेटलं तरी कळायचं नाही का तुम्हाला? घेवडा करपून कोळसा झाला!" चूल आमच्यापासून चार हातांवर. माझं ठीक आहे, पण एतेरीलाही कळलं नाही! खेळात रमली की तिला जगाची शुद्ध नसते.

६ ऑक्टोबर

ब्रेक करकरतात. बाकी सुख.

७ ऑक्टोबर

आज तोंडघशी पडलो.

वेलिस्त्सिखेला एका म्हाताऱ्यानं हात करून गाडी थांबवली. अकाकी नाव, ऐंशीचा असेल. त्याच्या वाइनघरात गार, ओला अंधार. एकच वाटी भरून दिली. मी घोट घेतला, एतेरीकडे बघितलं. भुवई वर! मी सुरू झालो. जर्दाळू काय, मध काय, वाळलेली पानं काय. एतेरीनं घोट घेतला, म्हणाली, "अगदी. जर्दाळूच."

म्हातारा इतका हसला, की त्याला बसावं लागलं. "पोरा, तीन वर्षं झाली, ह्या रांजणातल्या वाइनला उंदराचा वास मारतोय. आमचं मांजरसुद्धा त्या कोपऱ्यात जात नाही. शहरातून कुणी आलं की मी मुद्दाम हीच पाजतो!" मग पोटात दुखेपर्यंत हसून त्यानं खरी वाइन काढली, चीज कापलं, जाताना अक्रोडाच्या माळा गळ्यात घातल्या. माणूस लाख होता.

गाडीत मी विचारलं, "तुला उंदराचा वास आला नाही?"

"आला की," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "पण म्हाताऱ्याला तोंडावर कसं सांगायचं?"

म्हणजे भुवई भिडेखातरही वर जाते. आता आली का पंचाईत! चार दिवस उरले.

८ ऑक्टोबर

तेलावी. नऊशे वर्षांच्या चिनाराखाली बाकावर बसलो. रात्रभर ठरवत होतो, आज सांगूनच टाकायचं. एवढी वर्षं एका ताटात जेवलो, आता लपवाछपवी कसली!

"एतेरी, मला —"

"गिवी, मला —"

दोघंही एकदम. दोघंही थांबलो.

"तू सांग आधी."

"नाही, तू."

"ब्रेकचा आवाज वाढलाय, एवढंच," मी म्हटलं.

"माझा बूट चावतोय," ती म्हणाली.

मग बूट काढून तिचे पाय मांडीवर घेतले आणि चोळत बसलो. येणारेजाणारे बघत होते. बघू देत. तिच्या टाचेला अजून तो व्रण आहे, लग्नाच्या वर्षी माझ्या सायकलवरून पडली त्याचा. आजवर वाइन किती प्यालो आठवत नाही, पण हा पाय अंधारातही ओळखीन.

१० ऑक्टोबर

दादाकडे पोचलो. झाउरदादानं फाटकातच चिमटा काढला, "अडीच तासांचा रस्ता आठवडाभर? प्रत्येक थांब्यावर दार उघडत आलास की काय?" तेकले गळ्यात पडली. बारीक झालीय. सगळ्या नवऱ्या बारीक होतात, एतेरी म्हणते.

व्याही आले. बेसारिओन. उंच, मिशाळ, आणि ते नाक! अंगणात पाऊल टाकलं, नुसता श्वास घेतला आणि दादाला म्हणाला, "मागच्या दाराशी भोपळा सडलाय तुमच्या." खरंच सडला होता!

जेवताना मला म्हणाला, "व्याही, तुम्ही पूर्वेकडचे काखेतीवाले साल-बिया-देठ सगळं रांजणात कोंबता. आम्हा पश्चिमेच्या इमेरेतीवाल्यांना ते औषध वाटतं."

मी म्हटलं, "आणि तुमची वाइन आम्ही लहान मुलांना तहान लागली की देतो."

सगळे हसले. तो सर्वांत मोठ्यानं. मग एकदम हसू थांबवून म्हणाला, "मुलीसाठी भरलेला रांजण मी जन्मात पाहिला नाही. उद्या बघूच." चांगल्या मनानं म्हणाला. म्हणूनच जास्त भीती वाटली.

११ ऑक्टोबर

सकाळी दहाला उघडला.

अंगणात चाळीस-पन्नास माणसं. दादानं फावड्यानं वरची माती काढली, मी गुडघ्यावर बसून उरलेली हातानं खरवडली. ह्याच हातानं लिंपली होती. तेव्हा आत पाळण्यात तेकले रडत होती, एतेरी खिडकीतून ओरडत होती, "तुझी चिखलकामं झाली असतील तर पोरीला घे!" झाकण उचललं. सगळे पुढं वाकले, बेसारिओन सर्वांच्या पुढं. मीही वाकलो. माझ्या वाट्याला नुसता गारवा आला.

दादानं सुक्या भोपळ्याच्या लांब दांड्याच्या पळीनं वाइन काढली, मातीच्या वाटीत ओतली. तांबूस पिवळी, नितळ. एवढं तरी डोळ्यांना कळलं. घोट घेतला. किंचित आंबट, किंचित तुरट. पुढं काही नाही. भिंत!

एतेरीकडे बघितलं. ती रांजणाच्या काठाशीच उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. इतकं एकटक तिनं मला लग्नातही बघितलं नव्हतं. भुवई जागची हलेना. मी बघतोय, ती बघतेय, लोक थांबलेत, तेकलेनं ओढणीचं टोक दातात धरलंय. माझे ओठ कोरडे. आणि मग — हळूहळू — वर गेली. डावी!

भिडेखातर असेल का? उंदीर आठवला. पण लेकीच्या रांजणावर एतेरी माझ्याशी खोटं वागणार नाही. एवढ्यावरच मी तोंड उघडलं.

"चांगली आहे," मी म्हटलं. आवाज फाटला. "चांगली झालीय!"

पुढची वाटी बेसारिओनची. त्यानं हुंगली. पुन्हा हुंगली. घोट घेतला आणि डोळे मिटून उभा राहिला. कोंबडीसुद्धा ओरडेना. मग वाटी रिकामी करून माझ्यापुढं धरली.

"व्याही," म्हणाला, "तुमच्याकडे ह्याहून मोठी वाटी नाही का?"

काय तो कल्ला! कुणीतरी गायला लागलं. बेसारिओन तेकलेला म्हणत होता, "सूनबाई, पिकलेलं बिहीचं फळ ठेवलंय गं तुझ्या बापानं ह्यात!" मी रांजणाच्या काठावर बसून लहान पोरासारखा रडलो. तेकलेनं ओढणीनं माझं तोंड पुसलं. "बाबा, नाक शिंकर आधी." त्या नाकाचं आता काय करायचं ते करा!

१२ ऑक्टोबर

लेकीचं लग्न झालं. पाय मोडलेत. लिहवत नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

परतीला एकाच दमात निघालो. बादियाउरीला पाव घेतला. एतेरीनं तो मांडीवर ठेवला, हुंगला नाही.

"गिवी, आता लग्न पार पडलंय, म्हणून सांगते. जानेवारीच्या तापापासून मला कसलाच वास येत नाही."

मी गाडी कडेला घेतली.

"मग परवा रांजणापाशी?"

"तुझ्याकडे बघत होते. वाइन आवडली की तुझा खालचा ओठ जरा पुढं येतो. तो आला, माझ्या जिवात जीव आला."

माझा ओठ घाबरलो की पुढं येतो. तेही सांगितलं, नाकाचंही सांगितलं. आधी ती रागानं लाल झाली, मग दोघं इतके हसलो, की मागून आलेला ट्रकवाला उतरून विचारायला लागला, काही झालंय का.

पाव मधोमध तोडला. दोघांनीही नाक खुपसून हुंगला.

"कसा आहे?" तिनं विचारलं.

"गरम आहे," मी म्हटलं.