तीन रविवार

शीलवंती,

तू महिला सभेहून परत येईपर्यंत थांबलो तर माझा धीर जाईल. म्हणून सिन्नरच्या एसटीने निघतो. एस्तेरला घरी घेऊन येतो.

तुला एक सांगितलं नव्हतं. जावई पितात, हे मला लग्नाआधीच कळलं होतं. लग्नाआधी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी रीतीप्रमाणे तीन रविवार मंडळीला विचारलं, "या लग्नाला कोणाची हरकत आहे का?" तिन्ही वेळा मी मान खाली घालून बसलो. लोकांना वाटलं, प्रार्थना करतोय. मीही तसंच मानून घेतलं.

परवा तिचा सुजलेला डोळा पाहूनही मी म्हणालो, "प्रभूवर सोपवू." तू म्हणालीस, "अहो, तुम्ही सोपवत नाही, त्याच्यावर ढकलता." दोन दिवस शास्त्र चाळलं. तुझ्याविरुद्ध एकही वचन सापडलं नाही.

आज त्याच्यावर फक्त माझी भीती सोपवली आहे.

खोलीतली पुस्तकं पलंगाखाली सारली आहेत, तिथे तिची गादी घाल. जावयांशी काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलंय. पण एस्तेरने विचारलं, "बाबा, तेव्हा का नाही बोललात?" तर काय सांगायचं, ते लिहिता आलं नाही.

– योहान