थेटरात रूपेश परत गुणगुणला

संजना,

आई गेल्याचा फोन आला त्या दिवसापासून तुझ्या भावाचं गुणगुणणं बंद होतं. आज सकाळी शिळफाट्याच्या थेटरात ते परत सुरू झालं. म्हणून घरी येऊन जेवलो आणि लगेच दुपारच्या खेळाला निघालो आहोत. घरात कोणी दिसलं नाही तर घाबरू नकोस.

लोक वळून बघतात म्हणून आपण त्याला कधी पिक्चरला नेलं नाही. पण आजचे खेळ रूपेशसारख्यांसाठीच आहेत. दिवे पूर्ण घालवत नाहीत, आवाज बारीक ठेवतात, कोणी उठलं, फिरलं, ओरडलं तरी चालतं. तरी तो गुणगुणायला लागला तसं मी सवयीने म्हटलं, "गप रं." शेजारी बसलेल्या बाईंची मुलगी खुर्चीवर उभी राहून टाळ्या वाजवत होती. त्या मला म्हणाल्या, "काका, इथे गप म्हणणारे तुमीच एकटे. तुमालाच बाहेर काढतील."

मग मी गप्प बसलो आणि रूपेश पिक्चर संपेपर्यंत गुणगुणला. संपल्यावर खुर्ची सोडेना. "परत," म्हणाला. आई गेल्यापासून त्याने पहिल्यांदाच काही मागितलं गं, नाही कसं म्हणू?

आमटी झाकून ठेवली आहे, भात तेवढा टाक. लवकर आलीस तर जेवून तिकडेच ये.

पिक्चर कसा होता ते मात्र विचारू नकोस. मी सगळा वेळ रूपेशकडेच बघत होतो. पिक्चर बघायचा राहिलाच आहे.

बाबा