वस्तादांचा नारळ

आबा,

रविवारी सकाळी तुमची माणसं नारळ घेऊन घरी आली होती. तुमची म्हणजे तीच, ज्यांनी तुम्हाला घरी बसवलं. चपला दारात, पोटं पुढं आणि चेहऱ्यावर देवळात आल्यासारखा भाव. तुमच्या फोटोखालच्या सोफ्यावर दाटीवाटीनं बसले आणि एकेकानं वर बघून मान हलवली. मी चहा टाकला. दारात आलेल्या पावण्याला हाकलायचं नाही हे तुम्हीच शिकवलंत, नाहीतर पातेल्यातलं उकळतं पाणी मी दुसऱ्या कामाला वापरलं असतं.

झालंय असं, की आपल्या तालमीची फुटबॉल टीम यंदा पहिल्याच मॅचला हरून घरी आली. तीही समोरच्या पेठेकडून. कोच मॅच संपल्यावर ग्राउंडवरूनच बॅग उचलून गेला, तो तालमीकडं फिरकलाच नाही. तेव्हापासून पेठेत दुसरा विषय नाही. चहाच्या गाड्यावर तेच, सलूनमध्ये तेच, मोबाईलच्या ग्रुपवर तेच, मयताला गेलं तर तिरडी बांधता बांधताही तेच. पुढचा कोच कोण? ज्याला स्वतःची मोपेड स्टँडवर लावताना धाप लागते तो ‘हाय प्रेस’ म्हणतो, म्हणजे पोरांनी सतत समोरच्याच्या अंगावर धावून जायचं. ज्याला घरात आज भाजी कुठली करू एवढंही कुणी विचारत नाही, तो कट्ट्यावर बसून अकरा जण ठरवतो. टीव्हीवर परदेशातल्या मॅचा बघायच्या, तिकडच्या कोचांची नावं मावसभावासारखी घ्यायची आणि सगळं शहाणपण आणून आपल्या पोरांच्या डोक्यावर ओतायचं. आपली पोरं दिवसभर गॅरेजमध्ये नाहीतर डेअरीवर राबून संध्याकाळी प्रॅक्टिसला येतात. ती काही खाऊन आलीत का, हे या विद्वानांपैकी एकानंही कधी विचारलेलं नाही.

यांच्यात दोन तट पडलेत. एका तटाचा पुढारी तुमचा जुना गोलकीपर. तो आता चिकनचं दुकान चालवतो आणि कोंबडी हातातून निसटू देत नाही, चेंडूचं मात्र तुम्हाला माहीतच आहे. त्याला कोच आपल्याच मातीतला हवा, म्हणजे त्याचा मेव्हणा. दुसऱ्या तटाचा पुढारी फ्लेक्सवाला. पेठेत कुणाचा वाढदिवस असो नाहीतर कुणाचं बारावं, फोटोला गॉगल लावून छापणार हाच. त्याला गोव्याचा कोच हवा, कारण गोव्याचं नाव बोर्डावर शोभतं. दोघांनाही फुटबॉल सारखाच कळतो, त्यामुळं भांडण मिटायचं नाव घेत नाही. आणि दोघंही बोलतात ते तुमच्या नावानं. वस्ताद असते तर हे केलं असतं, वस्ताद असते तर ते चालवून घेतलं नसतं. आबा, उभ्या आयुष्यात तुम्ही जेवढं बोलला नाहीत, तेवढं ही माणसं आठवड्याभरात तुमच्या तोंडून वदवून घेतात.

मला तो फायनलचा दिवस आठवतो. पेनल्टीवर गेलेली मॅच, आणि याच गोलकीपरच्या दोन पायांमधून गेलेला शेवटचा चेंडू. आई गॅलरीत उभी आहे, मी तिच्या मागं, आणि खाली गल्लीत माणसं जमून स्टीलची ताटं बडवतायत. ‘म्हातारं बदला, म्हातारं बदला!’ गोलकीपरही त्यांच्यातच होता. स्वतःच्या पायांतली फट झाकायला त्याला तुमचं म्हातारपण सापडलं. तुम्ही आत स्वयंपाकघरात पाटावर बसून आमटी-भात जेवत होता, आणि म्हणालात, ‘मीठ कमी हाय.’ तेवढंच. दुसऱ्या दिवशी फौंड्रीतून आल्यावर तुम्ही तालमीची किल्ली एका पोराबरोबर पाठवून दिलीत. पुढं तुम्ही गेलात तेव्हा याच लोकांनी चौकात तुमचा एवढा मोठा बोर्ड लावला, की त्यात तुमच्या मिशीचा एकेक केस मोजता आला असता.

पण त्या किल्लीबरोबर एक गोष्ट जायची राहिली, आणि तीच आता यांच्या नरड्याशी आलीय. सीझनच्या सुरुवातीला वस्तादानं कॉर्नरच्या झेंड्याजवळ नारळ फोडायचा, आणि तो थकला की त्यानं तो नारळ न फोडता पुढच्याच्या हातात द्यायचा, ही आपल्या तालमीची रीत. तुम्हाला तुमच्या वस्तादानं असाच दिला होता, एक शब्द न बोलता. तुम्ही मात्र कुणालाच दिला नाहीत, कारण तुम्हाला ते विचारायलाच कुणी आलं नाही. तुमच्यानंतर जेवढे कोच आले ते सगळे नारळ न मिळालेले. आणि आता पेठेचा पक्का समज झालाय, की टीम हरते ती त्यामुळं. डाव्या बाजूला बैलगाडी जाईल एवढं भगदाड आहे, त्यामुळं नाही!

डावी बाजू म्हटलं की मला आपलं स्वयंपाकघर दिसतं. मॅचच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही फरशीवर टीम मांडायचा. कांदे आपले, बटाटे समोरच्या पेठेचे. आई फोडणीची कढई घेऊन खोळंबलेली. ‘झाली असली मॅच तर दोन कांदं द्या इकडं,’ म्हणायची, आणि तुम्ही बदली खेळाडूंमधले दोन उचलून द्यायचा. तुमच्या कांद्यांची गोष्ट पेठेत सगळ्यांना ठाऊक होती. मी शेजारी बसून बघायचे. शाळेत जायच्या वयाची होते, पण डोळे होते. एकदा मी डावीकडचा कांदा उचलून जरा आत, मधल्या बटाट्याच्या अंगावर ठेवला, कारण तिथून तो बटाटा मोकळा सुटत होता. तुम्ही माझ्या हातावर चापट मारलीत. ‘कांद्याला हात लावू नगंस. चिरायचा असला तर चिर, न्हायतर उठ हितनं.’ मी म्हटलं, ‘आबा, पण त्यो तिथनं सुटतोय की.’ तुम्ही कांदा जागेवर ठेवलात. मी उठले आणि चिरायला घेतला.

दुसऱ्या दिवशी मी ग्राउंडच्या गच्चीएवढ्या उंच पायऱ्यांवर बायकांच्या घोळक्यात बसून मॅच बघितली. आपला डावीकडचा पोरगा आत खेळत होता, मी ठेवला होता बरोबर तिथं. जिंकलो. गुलालानं माखून तुम्ही घरी आलात, आईनं ओवाळलं, आणि माझ्याकडं तुम्ही बघितलंही नाहीत. त्या आठवड्यात मात्र महाद्वार रोडवरून एक खोकं आणलंत. फुटबॉलचे बूट. ‘टीममदल्या पोराला लहान झालं, पडून हायती,’ म्हणालात. बुटांच्या टोकात दुकानातला कागद तसाच चुरगाळून कोंबलेला होता आणि तळव्याला मातीचा कण नव्हता. एवढं साधं खोटंही तुम्हाला धड बोलता येत नव्हतं. ते बूट घालून मी गच्चीवर खेळले, शाळेत खेळले, आणि पुढं खेळ शिकवायचीच नोकरी धरली. तालमीत मात्र कधी पाऊल ठेवलं नाही, कारण आत मारुती आहे, लाल माती आहे आणि बाईनं उंबऱ्याच्या आत यायचं नाही अशी तिथली रीत. ती तुम्ही नेकीनं पाळलीत.

खरं सांगायचं तर राग माझा फक्त त्या कट्ट्यावरच्या विद्वानांवर नाही. मी शाळेतल्या मुलींची टीम घेऊन पहिल्यांदा गडहिंग्लजला गेले, तेव्हा तुम्हाला चला म्हटलं होतं. एसटीत तुमच्यासाठी खिडकीची जागा धरली होती. तुम्ही म्हणालात, पाय दुखतोय. मुली जिंकल्या. घरी आले तर आईनं सांगितलं, की तुम्ही दुपारी तालमीच्या पोरांची प्रॅक्टिस बघायला चालत गेला होता, आणि तेही लांबून, कंपाउंडच्या बाहेर उभं राहून, कारण आत तुम्हाला कुणी बोलावलं नव्हतं. ज्यांनी ताटं बडवली त्यांच्या पोरांसाठी पाय चालला, आबा. फुटबॉल तुम्हाला कळत होता, वादच नाही. माणसं कळण्याच्या बाबतीत तुम्ही त्या फ्लेक्सवाल्याच्याच रांगेत होता. हे तुमच्या तोंडावर बोलायची माझी छाती कधी झाली नाही, म्हणून आता कागदावर बोलतेय.

तर रविवारी. चहा झाला. गोलकीपरनं पिशवीतून नारळ काढला, हळद-कुंकू लावलेला, आणि टीपॉयवर ठेवला.

‘अक्का,’ तो म्हणाला, ‘आमचा काय मेळ लागंना झालाय. तालमीतली जुनी माणसं म्हणाय लागल्यात, वस्तादांच्या मनात जो हुता त्येच्याच हातात नारळ पडाय पायजे. आता वस्ताद न्हाईत. तू तेंचं रक्त. तुजा हात म्हंजे तेंचा हात.’

‘तुमी फक्त नारळ द्यायचा अक्का,’ फ्लेक्सवाला म्हणाला. ‘बाकी काय टेन्शन घिऊ नका. वस्ताद मॉडर्न माणूस, त्यांनी गोव्याचाच घेतला असता.’

‘मॉडर्न? अरे, वस्तादांस्नी भायेरचा माणूस खपलाच नसता! मातीतला माणूस त्यो.’

‘तुमी नका सांगू वस्तादांचं. तुमीच ताटं बडवल्यासा.’

‘आणि तू काय करत हुतास? तुज्या बाचीच ताटं हुती ती!’

भांडण असं तुमच्या फोटोखाली रंगलं आणि मी बघत बसले. माझा हात त्यांना चालणार होता. डोकं नको, डोळे नको, इतकी वर्षं मैदानावर घालवलेली बाई नको, नुसता मनगटापासून पुढचा हात. मुलींना शिकवून मी जिल्ह्यात नाव काढलं, कोचची परीक्षा पास झाले, त्याचे पेढे याच लोकांनी खाल्ले होते. त्यांतल्या एकाच्याही डोक्यात, थट्टेनंसुद्धा, माझं नाव आलं नव्हतं. त्यांचं सोडा, मूर्ख आहेत. पण मी वर फोटोकडं बघितलं आणि वाटलं, तुमच्याही डोक्यात आलं नसतं.

मी नारळ उचलला. गोलकीपर पुढं सरकला, कारण त्याचा मेव्हणा दारातच उभा होता. मी नारळ दिला नाही. मांडीवर घेतला.

‘ह्यो माजा हाय,’ मी म्हटलं. ‘आबा तसं म्हणालते.’

फ्लेक्सवाला हसला. मग मी हसत नाही हे बघून थांबला. ‘अक्का, थट्टा करू नका. तालमीत बाईमाणूस...’

‘वस्ताद म्हणालते?’ गोलकीपरनं विचारलं. त्याचा आवाज एकदम खाली आला होता. ‘कवा?’

‘शेवटच्या वर्षी. स्वयंपाकघरात. कांदं मांडून बसलते.’

कांदे म्हटल्यावर त्याचे डोळे भरले. कांद्यांवर अविश्वास दाखवायची त्याची हिंमत नव्हती, कारण त्यातला एक कांदा इतकी वर्षं तोच होता. त्यानं उठून तुमच्या फोटोला हात जोडले आणि म्हणाला, ‘वस्ताद म्हणालं असतील तर विषय संपला. मीटिंगा भायेर कट्ट्यावर घिऊ. मारुतीला काय अडचण न्हाय.’ फ्लेक्सवाल्यानं लगेच मोबाईल काढला आणि माझा फोटो मागितला. गोव्याचा माणूस त्याच्या डोक्यातून चहाच्या वाफेसारखा उडून गेला. दुसऱ्या दिवशी चौकात बोर्ड लागला. वर तुम्ही, खाली मी, आणि मधे ‘वस्तादांच्या इच्छेनुसार’. मला गॉगल लावला नाही, एवढे उपकार.

तुम्ही असं कधी म्हणाला नव्हता, आबा. शेवटच्या वर्षी तर तुम्ही कांदे मांडलेच नाहीत. खुर्चीत बसून भिंतीकडं बघायचा, मी भरवलं तर दोन घास खायचा. तालमीचं नाव नाही, टीमचं नाही, माझं नाही. महिनाभर मी या लोकांना शिव्या घातल्या, की मेलेल्या माणसाच्या तोंडात आपले शब्द कोंबतात म्हणून. आणि एवढ्या सगळ्यांत धडधडीत खोटं बोलले ती मीच. ते बिचारे जे बोलत होते ते त्यांना निदान खरं वाटत होतं. पण मला पोरं हवी होती, ती डावी बाजू हवी होती, आणि तुमचं नाव घेतल्याशिवाय ती मला या जन्मात कुणी दिली नसती. तुम्हीसुद्धा नाही. तुम्ही नारळ फोडायचा त्या जागी उद्या पहाटे मी तो फोडणार आहे. लाज वाटत नाही, भीती वाटते.

हा कागद तुम्ही आणलेल्या त्या बुटाच्या टोकात कोंबून ठेवते, तिथं कागद असतोच. आणि एक सांगून टाकते. आज गोलकीपर दुकानातून मुद्दाम आला आणि दारातूनच म्हणाला, ‘अक्का, परत एकदा सांग की, वस्ताद नेमकं कसं म्हणालं?’ मी सांगितलं, डावीकडचा कांदा उचलून तुम्ही माझ्या हातात दिलात, आणि म्हणालात, ‘ठेव, तुला पायजे तितं.’ हे मी आधी ठरवलं नव्हतं, आपोआप तोंडात आलं. तो डोळे पुसत गेला. मी दार लावून स्वयंपाकघरात आले, आणि आबा, तेव्हापासून मला तो कांदा हातात जाणवतोय.