स्वादुपिंड निधीची संगमरवरी पाटी

भालकी, ५ फेब्रुवारी १९८४
निर्णय झाला. माझाच, त्यामुळं एकमतानं. आमचा मित्र नरहरराव स्वादुपिंडाच्या कॅन्सरनं गेला. अंग पिवळं पडलं तेव्हा कावीळ म्हणून मीच झाडपाला आणून दिला होता. औषध उत्तम होतं, रोगच भलता निघाला. या रोगाच्या संशोधनासाठी निधी काढायलोय. अध्यक्ष मी. या गावात एकालाही स्वादुपिंड कुठं असतं ठाऊक न्हाई. मलाही नक्की न्हाई, पण माझं वाचन आहे.

१२ फेब्रुवारी
नरहररावच्या बायकोनं, नलिनीबाईंनी, पाटल्या मोडून पैसे दिले. म्हणाल्या, अण्णा, पिवळं पडायच्या आधीच हा रोग कळला पायजे, दुसऱ्या कुणाच्या घरी असं व्हायला नको. गुलबर्ग्याच्या डॉ. रुद्रम्मा नेमकं तेच शोधायल्यात. त्यांना रोग्यांचं रक्त साठवायला खास फ्रीज पायजे, उन्हाळ्याच्या आत. बाईमाणूस, दुसरं काय मागणार! आमच्या घरी फ्रीज न्हाई, कुणाचं अडलं?

२० फेब्रुवारी
गुलबर्ग्याला जाऊन आलो. रुद्रम्मा म्हणाल्या, पैसे माझ्या हातात देऊ नका. आधी माझी योजना बाहेरच्या तज्ज्ञांना दाखवा, त्यांना पटली तर फ्रीज घेऊन द्या, आणि वर्षाखेरी काय सापडलं ते मला विचारा. निधी असेच चालतात म्हणे. मला शिकवायलीय! मी असताना तज्ज्ञ कशाला? तरी पाठवली योजना. मोठं मन लागतं.

४ मार्च
तुरीचे व्यापारी बाबूलाल यांच्याकडं गेलो. विचारतात, नाव कुठं पडणार? गाणगापूरला देवळात पंखा दिला की पात्यांवर आई, बाप, आजा, सगळे मावतात. संशोधनावर कुठं लिहिता? छी! कॅन्सरला पाती न्हाईत म्हणून पैसे न्हाईत. काय क्षुद्र लोक!

९ मार्च
तोड निघाली. संगमरवरी पाटी, नरहररावच्या स्मरणार्थ, सगळ्या दात्यांची नावं. वर मी, जरा मोठ्या अक्षरात. हौस न्हाई, लोकांना विचारपूस कुणाकडं करायची ते कळावं.

३० मार्च
पैसा यायलाय. पण श्रीपतराव वकिलांना बाबूलालच्या वर नाव पायजे, बाबूलालला वकिलाच्या खाली नको. शेवटी दोघांना शेजारी बसवलं, पाटी रुंद केली. तज्ज्ञांचा निरोप आला: योजना चांगली, लवकर द्या. घाई कसली? संशोधन काय उदगीरची बस आहे सुटायला?

२२ एप्रिल
पाटीचं अनावरण. मंडप, शाली, नारळ, जेवण. भाषण छान झालं. मधे लोक उठले ते पाणी प्यायला. बरेचसे परतले न्हाईत, उकाडा फार. खर्च वजा जाता फ्रीज बसत न्हाई. पुढच्या वर्षी नक्की घेऊ.

१५ मे
टेम्पोत घालून पाटी गुलबर्ग्याला नेली. रुद्रम्मा बघतच राहिल्या. म्हणाल्या, बर्फात ठेवलेलं रक्त उन्हानं नासलं, काम बंद केलंय, आता पाटी कुठल्या भिंतीला लावू? कृतघ्नपणाला सीमा असते. पाटी परत आणली. उतरवताना माझी पाठ धरली, त्याचं कुणालाच काही न्हाई.

२ जून
नलिनीबाई आल्या. बसल्या न्हाईत. म्हणाल्या, अण्णा, त्या दगडावरचं आमच्या माणसाचं नाव काढा. मी विचारलं, कामून? म्हणाल्या, त्यांचे शेवटचे महिने तुमच्या झाडपाल्यात गेले, माझ्या पाटल्या तुमच्या दगडात गेल्या, नाव तरी मोकळं करा. बाईमाणूस, बोलते भावनेच्या भरात. तरी पाथरवटाला बोलावणं धाडलं. उन्हाचं असेल.

४ जून
पाथरवट म्हणाला, कोरलेलं निघत न्हाई.

१० जून
बायकोनं पाटी न्हाणीत पालथी घातली. कपडे धुवायला झकास दगड आहे म्हणाली. सकाळपासून धोपटायलीय. मी डोकावून बघितलं. शर्ट माझाच होता.