आप्पांचा पेढा

११ फेब्रुवारी

आप्पा खाणार! जेवताना एकदम म्हणाले, "तुझ्या साखरपुड्यात एक पेढा खाईन. पन तू केलेला. पेढा लागला पायजे, औषध न्हाई." मधुमेह निघाल्यापासून त्यांनी गोडाला हात लावलेला नाही — निदान आमच्यासमोर. स्कूटरच्या डिकीत आईला एकदा गुलाबजाम सापडले होते.

तळवड्याच्या युनिटमध्ये मी रोज परक्या लोकांसाठी बिनसाखरेची बिस्किटं करते. आता घरच्यासाठी.

१३ फेब्रुवारी

पहिला घाणा वाया. साखरेऐवजी अस्पार्टेम घातलं आणि रंग येईपर्यंत खवा परतत बसले — आई साखर घालून परतते तसंच. उष्णतेने अस्पार्टेम तुटतं, गोडी जाते. मला हे पाठ आहे. हाताला नव्हतं.

आप्पा म्हणाले, "खवा झ्याक हाय."

१७ फेब्रुवारी

आज सुक्रालोज. ते आचेवर टिकतं. साखरेच्या सहाशे पट गोड, त्यामुळे चिमूटसुद्धा जास्त. मी फोनवर होते तेवढ्यात आईने चाखलं, "अगोड वाटतंय" म्हणून चमचाभर ओतलं. तोंड धुतलं तरी पाणी गोड! घमेलं गोठ्याकडे निघालं तेव्हा आप्पा आईला म्हणाले, "शालन, आता म्हशीलाबी शुगर करती का?"

१८ फेब्रुवारी

गणराजला फोनवर सगळं सांगितलं. चाकणच्या कंपनीत त्याची सेकंड शिफ्ट, चहाच्या सुट्टीत होता. हसला नाही. विचारत राहिला — साखर काढली, मग वजन कशाने भरणार? भरीला माल्टोडेक्स्ट्रिनची पूड नको घालू, त्याने शुगर चढते.

लग्न ठरलेला मुलगा माल्टोडेक्स्ट्रिनवर बोलतो! किती वेळ हसू येत होतं.

२४ फेब्रुवारी

जमलं.

भरीला एरिथ्रिटॉल. जिभेवर जरा गारवा येतो, तो वेलदोड्यात लपवला. मग युनिटमधली पद्धत — तीन वाट्या, दोन साखरेच्या, एक माझी. वेगळी कुठली? आई चुकली. शेजारच्या सुभद्राबाई चुकल्या आणि वर म्हणाल्या, "स्नेहल, तू तिन्हीत साखरच घातलीस गं."

आप्पांना वाटी दिली नाही. डॉक्टरांनी बजावलंय — खव्यात दुधाची साखर असतेच, एकच पेढा. तो त्या दिवशी.

२ मार्च

दोन ताटं केली, एक साखरेचं, एक माझं. पाहुणे बसायच्या आधी आप्पांना भरवला. चावायचे थांबले. म्हणाले, "व्हय. पेढा हाय."

मी स्वयंपाकघरात परतले तर गणराज आत उभा. माझ्या ताटातला पेढा हातात. "मला पण हाच." मग खालच्या आवाजात, "मलाही शुगर आहे. कॉलेजपासून. घरचे म्हणाले, लग्नाआधी बोलू नको."

बाहेरून आई हाका मारत होती.

मी म्हटलं, "आधी आप्पांना सांग."

साखरपुडा तासभर उशिरा झाला.