बुरशीचं तोंड गोड

३ डिसेंबर १९८२, सकाळ
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. मोठ्या माणसांच्या रोजनिश्या मागाहून सापडतात, तशी सापडली तर माझा इलाज नाही.
उस्मानाबादेतून सुटून आपला लातूर जिल्हा झाला. नवा जिल्हा म्हणजे नवी हापिसं, नवी पदं. अख्ख्या जळकोटात बॉटनी घेऊन बी.एस्सी. केलेला माणूस मी एकटा. (एक पेपर राहिलाय. ती युनिव्हर्सिटीची चूक.) शाळेची नोकरी मी तत्त्वासाठी सोडली. हेडमास्तर गावभर सांगतो काढून टाकलं. सांगू दे.
पावसाळा यंदा कोरडाच गेला. चारा नाही म्हणून लोक जनावरं उदगीरच्या बाजाराला हाकून राहिलेत. अशात शेतकरी मेळाव्यात एक पत्रक हाती लागलं: एक पांढरी बुरशी वाळल्या कडब्यातला कठीण भाग फोडते, कडबा मऊ होतो, थोड्याच कडब्यावर जनावर तगतं. वाचून अंगावर काटा आला. जिल्हा बुरशी अधिकारी! असं पद अजून नाही. मी दिसलो की काढतील.

५ डिसेंबर
शिवकांताला, म्हणजे बायकोला, प्लॅन समजावला. दारात आपली एकच गाय, चंद्री. देवणी जात. शिवकांतानं माहेराहून आणली तेव्हा वासरू होती. आता गाभण आहे, चैत्रात व्यायची. परसात कडब्याची एकच गंजी. मी म्हणालो अर्धी गंजी मला दे, दुप्पट करून देतो. ती म्हणाली की गंजी काय तुमची न्हाई, अप्पांनी गाडी भरून धाडलेली हाय, चंद्रीच्या तोंडचा घास हाय, हात लावायचा न्हाई.
अप्पा म्हणजे माझे सासरे, वीरण्णा. उदगीरच्या मोंढ्यात गुळाची आडत. दर महिन्याला त्यांच्याकडून ज्वारी, डाळ, गुळाची ढेप येते. मी कधी मागितलेलं नाही. येतं.

६ डिसेंबर
उपोषण सुरू केलं. सकाळचा चहा परत पाठवला.
दुपारी पिठलं-भाकरीच्या वासानं उपोषण स्थगित. पण ती नमली. अर्धी गंजी मिळाली. मागच्या अर्ध्या गंजीला हात लावला तर बघा म्हणाली.

१२ डिसेंबर
उद्घाटन! कडबा तोडला, भिजवला, थर रचले. लातूरच्या कॉलेजातून बाटलीत बुरशीचं बी आणलं होतं, ते पेरलं. पाणी शिवकांतानं हापशावरून आणलं. रांगेत बायका भांडल्या म्हणे. ती म्हणाली की लोकाला प्यायला पाणी न्हाई अन् तुमी कडब्याला आंघोळ घालून राहिलाव. सायन्सला पाणी लागतं, हे बायकांना कसं सांगावं.
एक सुधारणा मी केली. आपल्याकडे तोंड गोड केल्याशिवाय काही सुरू होत नाही. पेरणी असो, दुकानाची गादी असो, लेकराची पाटी असो, आधी गूळ. बुरशी तर घरी आलेली पाहुणी. अख्खी ढेप फोडली, पाण्यात विरघळवली, सगळ्या थरांवर शिंपडली. पत्रकात गूळ लिहिलेला नव्हता. लिहिणारा आपल्या भागातला नसणार.

१७ डिसेंबर
पांढरीशुभ्र! कापूस पसरावा तशी. मी सांगितलंच होतं.
शेजारच्या हणमंतरावांना बोलावून दाखवली. त्यांनी थरातली एक काडी उपसली, झटकली आणि तिनं दात कोरत म्हणाले की मास्तर, काडी तर लई कडक हाय. जळतो माणूस.

२८ डिसेंबर
बुरशी वर जोरात, कडबा आत होता तसाच. म्हणजे गूळ कमी पडला. दुसरी ढेप घातली. शिवकांता म्हणाली की पुरणाला गूळ राहिला न्हाई. या दुष्काळात पुरण पाहिजे हिला!

२० जानेवारी १९८३
कलेक्टर साहेबांचा दौरा आहे असं कळलं. फळा रंगवला: मऊ कडबा प्रकल्प, संचालक रेवणसिद्ध. भाषण पाठ केलं. स्वच्छ धोतर, टोपी, हातात थरातली काडी. सकाळपासून सडकेला उभा.
जीप आली. गेली. टोपी धुळीनं भरली. ड्रायव्हरला फळा दिसला नसणार. मोठा करायला पाहिजे.

९ फेब्रुवारी
लातूरच्या कॉलेजातल्या तारामती मॅडम आल्या. बी त्यांच्याच प्रयोगशाळेतलं, म्हणून बघायला आल्या. थर उचकले, वास घेतला, विचारलं हा गोड वास कशाचा. मी अभिमानानं सांगितलं. त्या कपाळाला हात लावून ओट्यावर बसल्या.
त्यांचं म्हणणं असं. बुरशीला तोंड नसतं, पोट नसतं. ती थोडासा रस बाहेर सोडून कडबा चाचपते. त्यातनं साखरेचा बारीक तुकडा सुटला की तिला कळतं, इथं माल आहे. मग ती आणखी रस सोडते आणि कडबा फोडत जाते. पण रस करायला कष्ट पडतात. आयता गूळ मिळाला की तेही तिला कळतं, आणि ती रस करायचंच बंद करते. तुम्ही गूळ घातलाय तोवर ती कडब्याला हातसुद्धा लावणार नाही, म्हणाल्या.
शिवकांता कमरेवर घागर घेऊन दारात उभी राहून ऐकत होती. तिनं विचारलं की बाई, अन् गूळ बंद केला तर? मॅडम म्हणाल्या की मग तिला इलाजच राहत नाही, कामाला लागावंच लागतं. शिवकांता माझ्याकडे बघून हसली. किती तरी दिवसांनी हसली. माझ्या प्रकल्पाबद्दल तिला आता आदर वाटून राहिला आहे.
मॅडम जाताना म्हणाल्या की गुळामुळे यावर दुसरीच हिरवी-काळी बुरशी चढलीय, ती विषारी आहे, हा कडबा जनावराला घालू नका, गाभण गाईला तर मुळीच नाही, खड्डा करून पुरून टाका.
मॅडम नवीन आहेत. जिल्ह्यासारख्याच. हिरवं खाल्ल्यानं गाईला काय होणार आहे?

१ मार्च
सासूबाई, गुरम्मा, आजारी. शिवकांता उदगीरला निघाली. बजावून बजावून जीव खाल्ला: सकाळ-संध्याकाळ मागच्या गंजीतला चांगला कडबा घाला, पाणी दाखवा, ते सडकं काही घालू नका. गळ्यातल्या इष्टलिंगाची शपथ घ्या म्हणाली. घेतली. लिंग तेव्हा आंघोळीसाठी खुंटीवर काढून ठेवलेलं होतं. त्यामुळे तशी ती शपथ नव्हतीच, छातीवर हात ठेवणं होतं. तिनं नीट बघायला पाहिजे होतं.

२ मार्च
चंद्रीपुढे प्रकल्पाचा कडबा टाकला. हुंगला आणि तोंड फिरवलं. सारखी मागच्या गंजीकडे बघते. शिवकांतानं लाडावून ठेवलंय.
मग डोक्यात उजेड पडला. मॅडमनीच सांगितलंय की! आयतं मिळतंय तोवर कुणी काम करत नाही. चंद्रीला गंजी दिसते म्हणून ती मऊ कडबा खात नाही. गंजीला काट्यांचं कुंपण केलं. भुकेशिवाय रिझल्ट नाही.
स्वतःसाठी खिचडी केली, वर तूप.

३ मार्च
हंबरून हंबरून डोकं उठवलं. दुपारची झोप झाली नाही. दावं चाटते, भिंत चाटते, कडबा खात नाही. हणमंतराव कुंपणावरून म्हणाले की मास्तर, मुकं जनावर हाय, पोटुशी हाय, पाप लागंल. मी म्हणालो की ही कंट्रोल्ड कंडिशन आहे. त्यांना कळलं नाही.

४ मार्च, दुपार
खाल्लं! सगळं खाल्लं! सगळ्या गावाला ओरडून सांगावंसं वाटलं. कलेक्टर साहेबांसाठी अर्जाचा मसुदा सुरू.

६ मार्च
चंद्री उठत नाही. आळस.

७ मार्च
पहाटे वासरू पडलं. कालवड होती. मेलेली. हणमंतरावांनी उदगीरला निरोप धाडला, मला न विचारता. जनावरांचे डॉक्टर आले, कडबा बघून माझ्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनी इंजेक्शन दिलं, उशीर झाला म्हणाले. पुढच्या वेळी प्रमाण कमी ठेवायला पाहिजे.

८ मार्च
शिवकांता सकाळच्या एस.टी.नं आली. पिशवी दारात टाकून गोठ्यात गेली. चंद्रीनं तिला ओळखलं, मान उचलायला गेली, उचलवली नाही. शिवकांता तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि मोठ्यानं रडली. बाई, तुला माझ्याबिगर कुणी न्हवतं अन् मीच सोडून गेले, असं सारखं म्हणत होती. मी पाणी नेऊन दिलं तर घेतलं नाही. दुपारी गाय गेली.
तिनं चंद्रीच्या कपाळाला विभूती लावली. खड्डा हणमंतरावांच्या गड्यांनी खणला. मॅडमनी कडब्यासाठी सांगितलेला खड्डा मी वेळेवर खणला असता तर आज सोय झाली असती, पण त्या वेळी माझी कंबर दुखत होती.
एक गोष्ट नोंदवून ठेवतो. गाय मुळातच नाजूक होती.

९ मार्च
शिवकांता ओरडली नाही, भांडली नाही. मला ते बरं वाटलं. समजूतदार आहे. सकाळी तिनं ज्वारीचं पोतं, डाळ, तेल, सगळं अप्पांच्या गाडीत चढवलं. चुलीवरची भांडीसुद्धा. मी विचारलं हे काय. ती म्हणाली की त्या बाईंनी सांगितलेलं आठवतं का, आयता गूळ बंद केला की कामाला लागावंच लागतं. चंद्रीवर तुमी करून बघितलाव. आता मी बघते.
अप्पा गाडीतून उतरलेच नाहीत. जावईबापू म्हणाले नाहीत. पहिल्यांदाच.
रागाच्या भरात आहे. चार दिवसांत येईल.

१५ मार्च
आली नाही. पोतंही नाही. हणमंतरावांकडे सहज जेवणाच्या वेळी गेलो. ते म्हणाले की आमच्यात जेवणं झाली. ताटं समोर होती.

२१ मार्च
उदगीरला जाऊन आलो. आडतीच्या पायरीवर बसलो. अप्पांनी नोकराकडून निरोप दिला की इथं गुळाच्या ढेपा ठेवायच्या असतात, जागा अडवू नका. शिवकांता माडीवर होती. खिडकी उघडली, बघितलं, लावून घेतली.

२८ मार्च
दोन्ही वेळा नुसतं पाणी पिऊन. सडकेवर रोजगार हमीचं काम चालू आहे, खडी फोडायची. सहज पाहणीला गेलो. मुकादमाला म्हणालो की बी.एस्सी. आहे, सुपरवायझरची जागा असेल तर विचार करीन. मुकादम म्हणाला की हातोडा हाय, घ्या. शेजारी आमच्याच शाळेतल्या पोरांची आई बसली होती, तिनं सरकून जागा केली. मी ऊन उतरल्यावर येतो सांगून निघालो.

२ एप्रिल, सकाळ
बास झालं. निश्चय. आजपासून खडी फोडायला जाणार. मॅडमचं बरोबर होतं, भुकेनं माणूस जागा होतो. मजुरी आणीन, शिवकांताला ताठ मानेनं बोलावीन, चंद्रीसारखीच कालवड घेऊन देईन. डोक्याला बांधायला फडकं शोधून राहिलो आहे.

२ एप्रिल, दुपार
फडकं गोठ्यात सापडलं. भिंतीच्या कोनाड्यात, आत सारून ठेवलेलं. त्यात गाठ मारून गूळ बांधलेला. चांगला मोठा, पिवळाधमक. वर दोन खारका. चंद्री व्याली की तिला चारायला शिवकांतानं माझ्यापासून लपवून ठेवला होता.
आता तिला नको.
तिथंच चंद्रीच्या जागेवर बसून खाल्ला. अंगात जरा जीव आला. झोपही आली. ऊन फार आहे, अशात खडी फोडणं तब्येतीला बरं नाही.
अर्धा उरलाय. तो संपला की कामाचं बघू.