निपुत्रिक

तेलीबांधा, रायपूर

शेखर वकील यांस,

तीर्थरूप लिहवत नाही.

आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत पुन्हा छापून राहिले, मुद्रितं मी तपासते. काल टोरांटोहून तुम्ही हातानं भरलेला फॉर्म आला. व्यवसाय: वकील, इथं आलेल्यांच्या बायकापोरांना व्हिसा मिळवून देतो. अपत्य: निपुत्रिक.

मले किळस आली. 'मुलगा नाही, यात खोटं काय?' असं वकिली तोंडानं म्हणाल. मग सहा महिन्यांची टाकून गेलात ती पोट्टी कोणाची?

आई म्हणाली, "काहून भडकून राहिली? बघ, त्यांचं अक्षर अजून तसंच आहे."

मले काय माहीत? चाळीस वर्षांत तुमचं अक्षर मी काल पहिल्यांदा पाहिलं. माझं तुम्हाला दिसू देणार नाही. हे पत्र घरातच राहील.

राधिका वनमाला